रबराच्या झाडाची जागा

...आणि वर मलाच म्हणायचे, "मेव्हणे, ढकलू नका, उचला." आता तुम्हाला सांगतो, ती कुंडी म्हणजे काय कपबशी आहे? माणसाच्या उंचीचं रबराचं झाड, बुडाशी ओली माती, आणि उचलणार कोण, तर गुडघ्यांनी राजीनामा दिलेला मी आणि माझ्याहून थोरले आमचे दाजी!

माझी ताई गेली आणि तिचं हे झाड पानं गाळायला लागलं. दाजींचा जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात. भिंगातून केसाएवढी स्प्रिंग दिसायची त्यांना, पण घरात एवढं मोठं झाड आहे हे कळलं कधी, तर पान पायाशी येऊन पडलं तेव्हा. धावले रोपवाटिकेत. रोपवाला म्हणाला, "उजेड हवा, ऊन नको." झालं. म्हणजे ठेवायचं कुठे? कपाटाशेजारी ठेवलं, पानं पिवळी. गॅलरीत ठेवलं, पानं करपली. शेजारच्या वहिनी आल्या, मान वाकडी करून म्हणाल्या, "बाथरूममध्ये ठेवा, त्याला की नाई ओलावा आवडतो." ठेवलं. तुम्हाला सांगतो, दाजी झाडाला विचारून अंघोळ करायला लागले. परगावाहून भाचीचा फोन, "बाबा, त्याला सारखं हलवू नका, सोसत नाही. पण तिथून आधी हलवा." आता बोला. उजेड हवा, ऊन नको, हलवायचं नाही आणि तिथं ठेवायचंही नाही. दर रविवारी दाजींचा मला फोन, "मेव्हणे, जरा येऊन जाता का?" जरा म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा...

गंमत सांगू? गंमत कसली म्हणा... जागा होती. सगळ्यांना माहीत होती. आतल्या खोलीची पूर्वेची खिडकी, तिला पातळ पडदा, हवा तेवढा उजेड. झाड वाढलं तेच तिथं. पण ताई अंथरुणाला खिळली, तिला पडल्या पडल्या बाहेरचं दिसावं म्हणून तिचा पलंग खिडकीशी आला आणि झाड गेलं पॅसेजच्या अंधारात. पुढे ती गेली. पलंग तिथंच. चादर तीच, उशीचा खळगाही तसाच, दाजीसुद्धा त्यावर झोपत नसत. वहिनी खिडकीकडे बघायच्या, पदराशी चाळा करायच्या आणि म्हणायच्या, "फ्रिजवर ठेवून बघता का?" माणसाएवढं झाड, फ्रिजवर! आणि मी तरी काय, खिडकीकडे बघून म्हणायचो, दाजी, जिन्यात बरा उजेड आहे हो. उजेड हवा, ऊन नको, हे सगळे सांगत होते. पलंग काढा, हे कोण सांगणार?

परवाच्या रविवारी दाजी ओल्या फडक्यानं पानं पुसत होते. ताई पुसायची तशी, खाली तळहाताचा आधार देऊन. एक पान हातातच आलं. त्यांनी काय करावं? ते देठाशी धरून बघितलं, बसतंय का परत. घड्याळजी ना... मग पान खिशात ठेवलं, आत गेले आणि म्हणाले, "मेव्हणे, तिकडून धरा."

मी सवयीनं कुंडीला हात घातला.

"कुंडी नाही," म्हणाले, "पलंग."

मी कुंडी सोडली. त्यांनी चादरीची घडी स्वतः घातली, मला हात लावू दिला नाही. पलंगाचे नटबोल्ट असे हळूहळू सोडवले, की जणू चालू घड्याळ उघडताहेत. फळ्या पॅसेजमध्ये उभ्या केल्या, झाड खिडकीशी नेलं, आणि पडदा मागे घे, पुढे घे, असं त्यांचं किती वेळ चाललं होतं. माझी कंबर त्या दिवशी दुखली नाही, किंवा दुखली असेल, लक्षात नाही.

झाडानं आता शेंड्याला तांबूस कोंब धरलाय. काल मी तिथंच होतो तेव्हा भाचीचा फोन आला. दाजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या मजल्याला ऐकू येतो.

"बाबा, झाड कसं आहे?"

"फुटतंय. जागा मानवली."

"आणि तुम्ही? झोपता कुठे?"

"सोफ्यावरच," दाजी म्हणाले. "माझं काय गं, मला कुठंही ठेवा."