वाटीतला कापूर

नाय साहेब, टाकीचा हीटर लावा की खुशाल, पण मी इथंच उभा ऱ्हाणार — तसं नका बघू माझ्याकडं. चौकशीला आलात म्हणता, व्हय, पत्र बघितलं मी, शिक्का बी बघितला — पण शिक्का काय, आजकाल कुणी बी मारून आणतं. सर्जेराव म्हणतात मला, एकवीस वर्षं या लॅबची चावी माझ्याकडं हाये, हर्सूलहून सायकलवर येतो. ही टाकी आमच्या नीरजा मॅडमची. आत नारळाच्या करवंटीचा कोळसा हाये, एक किलो. चुलीतला नाय, याला बारीक छिद्रं लई — थंड असला की गॅस पिऊन बसतो, तापवला की ओकतो, आन असा जोरात ओकतो की त्या जोरावर फ्रीज चालंल. ना पिस्टन, ना मोटर, नुसती उन्हाची गरमी. लाईट नसली तरी खेड्यात लसी थंड ऱ्हातील, म्हणून बाईनं चार वर्षं घातली याच्यात. आन तुम्ही म्हणता, खोटे आकडे लिहिले!

मला ठाऊक हाये तुमचं म्हणणं. सप्टेंबरात तीनशे ग्रॅम गॅस पीत होता, आता अडीचशेच पितो, तवा आधीचा आकडा बनावट — आन बाईची डिग्री जाणार. बनावट नाय साहेब, दगा झालाय. कुणी केला? हे पलीकडचं टेबल बघा, चिन्मय सरांचं. लई गोड बोलतात. मला पहिल्यापासून शक हाये, कोळसा त्यांनीच बदलला. सबूत? हाये की. माणूस चोर हाये — कापूरचोर.

हसू नका. खंडेनवमीला आमच्या गावाकडं, कन्नडला, विळे-कोयते पुजतात. इथं हत्यार कोणतं? हा कोळसाच की. मॅडम गावाला गेल्या होत्या, मग मीच केली पूजा. म्यानातल्या तलवारीची पूजा करतं का कुणी? नाय करत. म्हणून टाकीचे बोल्ट खोलले, कोळसा परातीत काढला, हळद-कुंकू नुसतं काठाला — कोळशाला नाय लावलं, तेवढं कळतं मला. मधोमध वाटीत कापूर, शंभर ग्रॅमची अख्खी पुडी. पेटवला नाय, कोळशाला आग लागली म्हंजे? वर दुसरी परात पालथी घातली, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. आठ दिवस सुट्टी. येऊन बघतो तर वाटी रिकामी! कण नाय, राख नाय. कपाटाची दुसरी चावी कुणाकडं? चिन्मय सरांकडं. मी कुणाला बोललो नाय, मॅडमला बी नाय. गुपचूप कोळसा भरला, बोल्ट आवळले, आन तवापासून त्यांच्यावर नजर ठेवून हाये. चहा दिला तरी घेत नाय मी त्यांचा.

काय? वाटी कुठं ठेवली होती? सांगितलं की — कोळशात. चांगली रोवून. का हो? लिहिताय काय? काटा किती झाला? शंभरच्या वर — आता व्हॉल्व्ह नका खोलू तुम्ही, मॅडम येऊ द्या — खोललात?

थांबा. कापराचा वास कुठला? खाली कुणी आरती करतंय का? दुपारी दोनला कोण करंल? — सरका जरा. सरका. टाकीतून येतोय.

साहेब... ह्यो कोळसा गॅस सोडून दुसरं बी पितो?

सगळंच?

आन जागा अडली, की मग गॅस कमी बसतो. व्हय. तरीच.

— लिहा. झाकण सर्जेरावनं खोललं. मॅडमचा पहिला आकडा खरा हाये. लिहिलं? कुठं करू सही? पुरं नाव लिहितो, पेन द्या. नोकरीचं नंतर बघू. आन ते चिन्मय सरांचं मी जे बोललो ते — खोडा ते. खोडलं?

मॅडम चारला येतील, त्यांना मीच सांगतो. जा तुम्ही आता. हीटर ऱ्हाऊ द्या चालू.