डाळिंबी टायवरचा मोर

तुम्हाला खोटं वाटंल, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. मित्राच्या लग्नाला निरवांगीला जायचं होतं, म्हणून बारामतीतून कोट भाड्यानं आणला. टाय होता डाळिंबी आणि कोटावर लावायची पिन दुकानदारानं दिली निळी. काही केल्या जुळेना. मग कोटाचे खिसे चाचपले, तर आतल्या खिशात दुसरीच पिन सापडली, लाल खड्यांचा मोर. टायला अगदी शोभली, म्हणून तीच लावली.

मांडवात नवरदेवाची मावशी माझ्यासमोर येऊन थांबली. तिनं मोरावरून बोट फिरवलं.

"ही कुठं गावली तुला?"

"भाड्याच्या कोटात होती, मावशी."

"माझ्या लेकाची हाय. तुरा मोडला व्हता, मीच चिकटवला."

मी पिन काढायला लागलो. "मग घ्या की, तुमचीच हाय."

"कशी घेऊ? त्यो गेला तवा त्याच्या कोटावर मीच लावली, आन कोटासकट त्याला सरणावर ठेवला."

माझे हात तिथंच थांबले. मावशीनं माझ्या टायची गाठ सारखी केली आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याला लग्नात मिरवायला लई आवडायचं."