ताईच्या घरचं चार्जिंग

इलेक्ट्रिक गाडी स्वस्त पडते का, असं कोणी विचारलं की मी करडी गावात काय घडलं तेच सांगतो.

सिहोऱ्याहून भंडाऱ्याला निघालो होतो आणि करडीजवळ स्कूटरची बॅटरी संपत आली. मोबाइलवर शोधलं, तर सगळ्यात जवळचं चार्जिंग स्टेशन थेट भंडाऱ्यात. करडीत माझी मोठी बहीण राहते. पण भाचीच्या लग्नात मामाचा मान नीट झाला नाही म्हणून मी रुसलो होतो, आणि दोन वर्षं तिच्या दारात पाय ठेवला नव्हता. आता गाडी ढकलत तिच्याच अंगणात गेलो.

ताई सुपानं तांदूळ पाखडत होती. मी मान खाली घालूनच म्हणालो, "थोडं चार्जिंग पाहिजे होतं. भंडाऱ्यापुरतं झालं का निघतो."

तिनं खिडकीतून वायर बाहेर दिली, पाण्याचा गडवा आणून ठेवला. मग विचारलं, "भंडाऱ्याले याचे पैसे घेतेत का रे?"

"घेतेत ना. घरच्या बिलाच्या दुप्पट पडते."

"अन् वेळ किती लागते?"

"तिथं मोठी मशीन आहे. एका घंट्यात फुल."

"अन् माह्या घरी?"

"चार घंटे तरी लागतीन."

ताई हातातलं सूप ठेवून माझ्याजवळ येऊन बसली.

"मंग पुरी भरूनच जाय. एका घंट्यात आपलं काय बोलणं झालं असतं?"