जित्या माणसाच्या फोटोला हार

बेबाबाई : मना भाऊ रेऽ! माले एकटं टाकीसन कोठे ग्या रे भाऊ! शेवटलं तोंड बी देखाले भेटनं नही रेऽ!

पुना आबा : बेबा! अगं बेबा, डोळ्यावरचा पदर काढ. इकडं बघ.

बेबाबाई : सरका वो बाजूले, माले आत जाऊ द्या. नऊ वरीस बोलनू नही मी त्यानासंगे, नऊ वरीस! वहिनी कोठे शे?

पुना आबा : कोणाला बाजूला सरकवतेस? मी पुना. तुझा भाऊ. दार मीच उघडलंय.

बेबाबाई : पुनाभाऊ?

पुना आबा : हो.

बेबाबाई : तू जित्ता शे?

पुना आबा : सकाळपासून तरी आहे. दाढी झाली, चहा झाला.

बेबाबाई : हात दे. दे ना इकडे हात! गरम शे. माय वं, गरम शे हात!

भागाबाई : कोन रडू राह्यलं दारात? अवं, बेबाबाई! तुमी? काय झालं? नरडान्याले सगळे बरे हायेत ना?

बेबाबाई : वहिनी! तुना कपायवर कुंकू शे!

भागाबाई : मंग काय नसावं? दारात काहून उभ्या? आत या. बसा. पानी आनते.

बेबाबाई : पानी नको. मनं काळीज ठिकानावर येऊ दे पहिलं. भाऊ, खरं सांग, तू मरना नही ना?

पुना आबा : नाही गं. कोणी सांगितलं तुला?

बेबाबाई : कोनी सांगं नही, तेच ते दुःख! मी मना डोयानी देखं. काल दुपारे आमनी ऋतिकानी, मनी सूननी, मोबाईलवर पिच्चर लाया. हिंदी. खूनना. दहा मिनिट नही व्हयनात, नी भिंतवर तुना फोटो! काया कोट, त्या मिश्या, नी फोटोले हाऽ एवढा चंदनना हार. खाले दिवा पेटेल. एक पोर हात जोडीसन रडी राहिनी.

पुना आबा : अरे देवा. तो पिच्चर!

भागाबाई : घ्या! मी काय म्हनत होती तुमाले?

पुना आबा : अगं बेबा, ते नाटक असतं. पिच्चरमध्ये गेलेला माणूस खरंच जातो का?

बेबाबाई : माले येडी समजू नको. पिच्चरमा लोके मरतस नी दुसरा पिच्चरमा परत येतस, इतलं माले कयस. पन ते अॅक्टर. तू काय अॅक्टर शे? तू पॉवरहाऊसमा व्हता. मी इचार करा, की जित्ता मानूसना फोटोले कोनी हार घाली का? घरनं मानूस घालू दी का? म्हनजे भाऊ ग्या. कवयच ग्या. घरना फोटो त्या लोकेस्नी नेला. नी माले कोनी कयाडं नही.

पुना आबा : मग फोन तरी करायचा.

बेबाबाई : मरेल मानूसले फोन लावतस का?

पुना आबा : हिला लावायचा.

बेबाबाई : नी काय इचारू? वहिनी, मना भाऊ मरना का, असं? नी तुमना नंबर मी कवयच खोडी टाका व्हता. रातभर डोयाले डोया लागना नही. सकायमा पाच वाजता गाडी करी नी निंघनू. धुये, पारोळा, जयगाव... बठ्ठा रस्ता रडी राहिनू. गाडीवाला भूषण बी बिचारा डोया पुसे.

भागाबाई : ऐकलं? बाई रडत रडत आली. सांगा आता तुमचे पराक्रम तुमीच.

पुना आबा : पराक्रम कसले? मागच्या वर्षी इथं मुक्ताईनगरच्या बाजूला केळीच्या बागेतल्या बंगल्यात शूटिंग होतं. मी रोज फिरायला जायचो, तिथं उभा राहायचो. एक दिवस त्यांचा माणूस आला. म्हणाला, अंकल, बंगल्याचा मालक हवाय. मालकाचा खून झालेला आहे, पिच्चर सुरू होतो तेव्हा तो भिंतीवरच असतो. नुसता फोटो लागेल. तुमच्या मिशा फार भारी आहेत.

भागाबाई : मिशांची तारीफ केली, की झालं.

पुना आबा : बत्तीस वर्षं दीपनगरच्या पॉवरहाऊसला शिफ्ट केल्या. बॉयलरशेजारी उभा राहिलो. कोणी एकदा तरी म्हटलं का मिशा भारी आहेत? कोट घातला, फोटो काढला. हाराचं मला नंतर कळलं.

भागाबाई : खोटं! कोट घालतानीच कळलं होतं. घरी येऊन हसत सांगितलं यायनी. चार दिवस मी बोलली नई. पाचव्या दिवशी यायले ताप भरला. न्युमोनिया. आठ दिवस दवाखान्यात. मी तवाच म्हटलं, ह्यो हार भोवला.

पुना आबा : पावसात भिजलो होतो.

भागाबाई : तुमी गप बसा. बेबाबाई, तुमीच सांगा, मांगं डोक्याले कावळा शिवला, तं काय करत होते?

बेबाबाई : खोटा सांगावा धाडेत. लांबना नातलगले. मानूस मरी ग्या म्हनीसन. त्यानी रडी लिधं, की इघीन टये.

भागाबाई : हां! रडनाराचे आसू खरे पाहिजे. मी दवाखान्यात यायच्याजवळ बसून म्हटलं, बेबाबाईले खोटा सांगावा देते. तिच्यासारखं रडनार कोनी नई. बहीन रडली की हार उतरला. तं काय म्हनाले ठाऊक हाये?

पुना आबा : जाऊ दे ना आता.

भागाबाई : नई जाऊ देत. नाकाले नळी लावेल, बोलनं होत नाई, तरी मले म्हने, खबरदार. तिले एकदा रडवलं मी. दुसऱ्यांदा नई. मंग काय, मी गप. वरीस झालं. रोज सकाळी उठली की पयले यायचा श्वास चालू हाये का पाहते.

बेबाबाई : असं म्हनं तू, भाऊ?

पुना आबा : तापात माणूस काहीही बडबडतो.

बेबाबाई : तापमा मानूस खरं बोलस.

पुना आबा : बरं, बोललो. काय चुकलं? आखाजीच्या सणाला तुला रडवलं ते मीच ना?

बेबाबाई : नऊ वरीसनंतर तुनी याद काढी आखाजीनी!

पुना आबा : याद रोजच येते. काढली आज.

बेबाबाई : मंग आते ऐक. तू कवय ऐकंच नही. त्या दिनले मी सकायमा डोकावर न्हायनू. हिरवं लुगडं घालं. पिशवी भरी दारमा बठनू. गल्लीमा झोका बांधेल, पोरी गाना म्हनी राहिन्यात. एकेक बाईना भाऊ उना, मूळ लावीसन माहेरले लई ग्या. त्या जाता जाता माले इचारेत, तुना भाऊ नही उना का अजून? मी म्हनं, येई, लांबथून येस तो. दुपार व्हयनी. मंग दारवर मोटर उनी. मी उठनू, देखं... गाडीमा कोन? ड्रायवर!

पुना आबा : जितेंद्र होता. विश्वासाचा माणूस.

बेबाबाई : बहीनले मूळ लावाले भाऊ येस, जितेंद्र येस नही!

पुना आबा : युनिट बंद पडलं होतं बेबा. पहाटे तीनला. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. मी म्हटलं, तुझी आखाजी बुडू नये. एसीची गाडी केली तुझ्यासाठी.

बेबाबाई : माले काय एसी जोयजे व्हता? तू दोन दिन उशीर सायकलवर येता ते मी सायकलवर बठती. गल्लीले दखाडती, देखा, हाऊ मना भाऊ.

पुना आबा : मग गाडी रिकामी परत पाठवलीस. आणि वर निरोप काय दिलास? सणाच्या दिवशी?

बेबाबाई : याद शे माले.

पुना आबा : जितेंद्रनं कॉलनीच्या गेटवर, चार लोकांत सांगितलं. बाई म्हणाल्या, सांग तुझ्या साहेबाला, आता त्याच्या दारावर येईन ती रडायलाच येईन.

भागाबाई : अन् आल्या पन तशाच. बोलल्या ते खरं केलं बाईनं.

बेबाबाई : तोंडमाथून निंघी गयं वहिनी. काल रातले तेच घोकी राहिनू. मनीच जीभ काळी. मीच म्हनेल व्हतं, म्हनीसन माले देवनी रडाले धाडं.

पुना आबा : नाही गं. मलाही अहंकार होताच. म्हटलं, हिनं एवढं बोलावं? येऊ दे तिलाच. पुढच्या वर्षी मात्र राहवलं नाही. आखाजीला पॅसेंजरनं आलो मी.

भागाबाई : कुठी आले? मले तं भुसावळले जातो म्हनाले होते.

पुना आबा : नरडाण्याला उतरलो. हातात जिलबीचा पुडा. फलाटावरच्या बाकावर बसलो. म्हटलं, दारात गेलो आणि ही म्हणाली, तू अजून जिवंत कसा, तर काय करायचं? तासभर बसलो. परतीची गाडी आली, बसून आलो.

बेबाबाई : भाऊ! फलाटवरथून मनं घर देखास रे!

पुना आबा : दिसत होतं. तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस.

बेबाबाई : नी हाक नही मारी?

पुना आबा : नाही मारली.

बेबाबाई : भाऊ बी तसाच नी बहीन बी तशीच. मायनी आपले दगड घडायेत दगड!

भागाबाई : बरं झालं आता. रडन्याचा कोटा संपला. माह्या मनावरचा धोंडा उतरला बेबाबाई, खरं सांगते. पारोळा, जळगाव, सगळ्या रस्त्यानं तुमी यायच्यासाठी रडल्या. त्यो हार उतरला. आता हा मानूस शंभर वर्सं मले पिडते. उठा, तोंड धुवा. मी सैपाक टाकते.

बेबाबाई : टाकू नको. डबा शे गाडीमा.

भागाबाई : डबा?

बेबाबाई : दुःखना घरमा चूल पेटत नही, म्हनीसन मी रातलेच करी उनू. कळण्यानी भाकर, पिठलं, ठेचा. पंधरा लोकेस्ना शे.

पुना आबा : कळण्याची भाकरी? वीस भाकऱ्या?

बेबाबाई : तीस.

भागाबाई : अवं, पन हे दुःखाचं जेवन. जित्या मानसानं खावं का?

पुना आबा : ज्याच्यासाठी केलं त्यानं खायचं नाही, तर कोणी खायचं? आण गं तो डबा.

(तिघंही जेवायला बसली आहेत. पुना आबांची तिसरी भाकरी चालू आहे.)

बेबाबाई : हळू खाय. मरशी. थू थू, मना तोंडले काय व्हयनं!

पुना आबा : बोल, बोल. तुझ्या तोंडानं आयुष्य वाढतंय.

बेबाबाई : पन काय रे भाऊ, त्या पिच्चरमा तुले मारं कोनी? फोटो देखा नी मी मोबाईल फेकी दिना, पुढलं देखंच नही.

पुना आबा : ते सांगायचं नाही. त्यांनी शब्द घेतलाय माझ्याकडून. सगळी मजा त्यातच आहे.

बेबाबाई : मी तुनासाठी दीडशे किलोमीटर रडत उनू, नी माले सांगाव नही?

भागाबाई : मी सांगते. सहा जनावर संशय असते. नोकर, वकील, डॉक्टर, दोन पोरं. आन् शेवटी निंघते कोन? मालकाची बहीन!

बेबाबाई : बहीन?

पुना आबा : सांगून टाकलंस ना!

बेबाबाई : बहीननी कसाले मारं?

पुना आबा : इस्टेटीसाठी. बंगला तिला हवा असतो.

बेबाबाई : हट्! कोनी लिखं हाई? इस्टेटसाठी बहीन मारत नही. भाऊ मूळ लावाले नही उना, म्हनीसन मारं व्हयी.

भागाबाई : हसू नका तुमी, ठसका लागंल! पानी प्या.

पुना आबा : बेबा, बाहेर हॉर्न वाजतोय. तुझा गाडीवाला.

बेबाबाई : भूषण शे. त्याले सांगेल व्हतं, दुःखनं घर शे, पानी बी पिवानं नही, अर्धा घंटामा परत फिरू. त्याले बी दोन भाकरी बांधी दे वहिनी. बिचारा उगाच रडना.

भागाबाई : देते. मंग, निंघता का तुमी?

बेबाबाई : भाऊ, नरडाणानी पॅसेंजर अजून चालू शे का?

पुना आबा : चालू आहे. का?

बेबाबाई : चार दिननंतर तू माले पोचाडाले येशी. फलाटवर बठाव नही. घरलोंग येवानं.

पुना आबा : येसू. मना शब्द शे.

बेबाबाई : मंग भूषणले सांग, जाय म्हना. गाडी रिकामी जाऊ दे. मांगे बी एकदा गई व्हती.