यादीत नसलेला देश

— बसा हो सर, नुसता गाडीचा प्लग खराब झालाय, दहा मिनिटं लागतील. पिशवीत पुस्तकं दिसली — नागरिकशास्त्र शिकवता न्हाई का? मग तुमालाच इचारतो. संसद, सरकार, कोर्ट, तिघांची कामं येगळी — असंच सांगता ना पोरांना? आन् येगळी कावून? सगळी ताकद एकाच्याच हातात नको म्हणून. हां, आमच्या वकीलबाई, मनिषाताई, त्याबी हेच म्हणल्या. मला पटतं सर. पटतं म्हणूनच तर गप बसावं लागायलंय.

आमेर माझा थोरला. हितंच, मांजरसुंब्याच्या फाट्यावर, माझ्यासंगं गाड्या दुरुस्त करायचा. मग आखातात गेलता, क्रेन चालवायला. एक दिवस क्रेनची साखळी तुटली, खाली माणूस होता — गेला बिचारा. आमेरला सात वर्षांची सजा. चूक त्याची होती का? मला काय ठाव, मी हितं, तो तिथं. सोडून द्या असं मी म्हणतच न्हाई. भोगू द्या सजा, पण आपल्या मुलखातल्या जेलात भोगू द्या — महिन्यातून एकदा त्याची माय तोंड तर बघंल. तसं करता येतं सर, कायदा हाय. फक्त त्या देशासंगं सरकारचा समझोता पायजे. लई देशांसंगं हाय. त्याच देशाचं नाव यादीत न्हाई.

मनिषाताईच्या ओळखीचे एक खासदार होते, आपल्या भागातले न्हाईत, पण भला माणूस. त्यांनी भर संसदेत सवाल केला. उत्तर आलं — विचार चालू आहे. मला म्हणले, ‘हैदरभाई, कायदा करणं आमच्या हातात, तो केलेला हाय. दुसऱ्या देशासंगं करार करायचा तो सरकारनं.’ मग दिल्लीला गेलो, तिथल्या साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला, म्हणला, करार काय एका माणसासाठी होत न्हाई, चाचा. मग वरच्या कोर्टात गेलो. जज्जसाहेबांनी सगळं ऐकलं, माझ्या बायकोला, बीबीजानला, बसायला लावलं, आन् म्हणले — परदेशासंगं काय ठरवायचं ते सरकारचं काम, आमी त्यांच्या जागी बसून सही करू शकत न्हाई. एवढंच सांगतो, यांच्या अर्जावर आठ आठवड्यांत फैसला द्या. आन् सरकारनं कोर्टाचं ऐकलं, सर! सातव्याच आठवड्यात कागद आला. हा — वाचा तुमीच, तेलाचे हात हायेत माझे. सहानुभूतीनं विचार केला... करार नसल्यानं मान्य करता येत नाही. न्हाई म्हणायलासुद्धा किती अदब!

आता कोणाला शिव्या देऊ? एकबी चुकला न्हाई. कोणी पैसा मागितला न्हाई, कोणी हाकललं न्हाई. दरवाजात अडवलं असतं तर भांडलो तरी असतो — मी भांडणाला भीत न्हाई. पण समदे बरोबरच बोलायलेत, मग भांडू कोणासंगं?

चुकलो मी. कोर्टात समदं इंग्रजीत चाललं होतं. मनिषाताईनं मला बाजूला घेऊन समजावलं. बाहेर आलो तर बीबीजान पायरीवर बसलेली, इचारती — जज्ज काय बोलले? तिचं तोंड बघितलं आन् माझ्या तोंडून निघून गेलं — आणा म्हणले. आमेरला हिकडं आणा म्हणले. कावून बोललो? दोन दिवसांनी सांगू खरं, असं वाटलं. तर मधीच शुक्रवार आला, दर शुक्रवारी येतो तसा जेलातून आमेरचा फोन आला, आन् तिनं त्यालाच सांगून टाकलं. पोरगं हसायलं का रडायलं कळंना, फोनमधून बाहेर ऐकू यायलं. बापाला फोनवर दे म्हणला. मी हात तेलानं भरलेत म्हणून सांगितलं. भरले नव्हते, सर. तवापासून नऊ शुक्रवार झाले, दर वेळी मी हितं दुकानात. आन् ह्या कागदाला आज तीन हप्ते झाले — पान्यांच्या डब्यात ठेवतो, घरी कसा न्यावा? तिला इंग्रजी येत न्हाई, पण शिकलेला माणूस दिसला की ती कागद पुढं करती, वाचा म्हणती—

सर, आली ती. डबा घेऊन आली. द्या तो कागद, द्या हिकडं—

कुछ नै, बीबीजान. सर के गाडी का कागज है.

जावा सर तुमी. झाली गाडी. जावा.