जेवायची हाक

"शिगेरुऽऽ, जेवायला ये रे!" लहानपणी ही हाक कायोला रोज संध्याकाळी ऐकू यायची. शिगेरुची होडी समुद्रात बुडाली, तरी पुढे कितीतरी दिवस धक्क्यावरून त्याच्या आईची हाक येतच राहिली. आज बोटीची वाट बघताना तोच आवाज मागच्या बाकावरून आला आणि कायोनं डोळे मिटून घेतले. बाहेर धुकं दाटलं होतं.

"सेत्सु, धुक्यालासुद्धा तुला नागासाकीला लेकाकडे धाडवत नाही बघ."

"धुकं कसलं! तुझा बुद्ध आडवा आलाय, तोमिए."

"त्याला काय तेवढंच काम आहे? गुडघे कसे आहेत?"

"चर्चमध्ये टेकून टेकून गेले."

"माझे जपाला बसून बसून. फिटंफाट!"

"जाण्याआधी एक सांगायचंय. रागावशील."

"मग नको सांगूस."

"नोव्हेंबरात आम्ही आमच्या गेलेल्या माणसांची नावं घेतो ना, त्यात तुला न विचारता मी..."

"शिगेरुचं नाव घेतेस. दरवर्षी दाराबाहेर जपमाळ घेऊन उभी असते मी."

"अगं बाई! मग अडवलं का नाहीस?"

"का अडवू? पोर तुमच्या धर्माचं नाही, तरी सगळं चर्च त्याच्यासाठी गुडघ्यावर. आम्ही जिला करुणा म्हणतो, ती मला तुमच्या दारात दिसली."

"एवढी वर्षं बोलली नाहीस ती!"

बोटीचा भोंगा वाजला.

"आता ऐक. पहिल्यांदा तिथं त्याचं नाव ऐकलं ना, त्याच संध्याकाळी मी हाक मारायची सोडली. वाटलं, पोचलं माझं पोर. तुमच्या येशूच्या घरी जेवायला बसलंय."