तापीमायचा हाडरोग

नाही, पण एक शब्द? अहो, एक तरी शब्द कळला का तुम्हाला? आत्ता इथे मांडवात दहा मिनिटं ते तिघं जे काही करत होते, कानाचे पडदे काढून खिशात ठेवावेत असं वाटत होतं, त्यातला एक, फक्त एक शब्द सांगा, मी इथल्या इथे तुम्हाला आमची दराबा मिठाई चारतो! नाही ना? टाळ्या वाजवल्यात, शिट्ट्या मारल्यात, ते मागचे काका तर उठून नाचले... कशावर नाचलात हो काका? माहीत नाही! कोणालाच माहीत नाही! आणि शब्द माझे आहेत हो, माझे!

मी नंदकुमार. मराठी शाळेत पहिलीचा मास्तर. शाळेत गुरुजी आणि फाटकाबाहेर पडलो की मास्साब. आमच्या बऱ्हाणपुरात असंच आहे, तुम्हाला सांगतो, माणूस घरातून मराठीत निघतो, चौकापर्यंत त्याची हिंदी होते, आणि दुकानात पोचला की दुकानदार म्हणतो, "मास्साब, जरा बाजूला सरको ना, गिऱ्हाईक को दिसत नहीं." ही काय भाषा आहे? पण आपण सरकतो! बावीस वर्षं मी या गावात 'ळ' शिकवतोय. चारी बाजूंना केळीच केळी, आणि पोरगं काय म्हणतं? "गुरुजी, केला खाल्ला." काळजात चर्र होतं हो. अरे, केळं म्हण बाळा, केळं! "केलं." ...जाऊ द्या.

तर सत्त्याऐंशी साली खंडव्याहून एक साहेब तपासणीला आले. वर्गात डोकावले. "मास्साब, पहली में कितने बच्चे?" म्हटलं, सात. "और वो जो सो रहा है?" म्हटलं, साहेब, त्याला धरून सात. साहेबांनी डायरी काढली. "पंद्रह चाहिए। अगली जुलाई में फिर आऊँगा। पंद्रह नहीं हुए, तो कक्षा का एकीकरण!" आता एकीकरण शब्द ऐकायला किती छान, नाही? गळ्यात गळा घालावासा वाटतो. पण अर्थ काय, तर सात पोरं हिंदी शाळेत, बाराखडीचा तक्ता अडगळीत, आणि मी हिंदी शाळेच्या ऑफिसात पत्रांना डिंक लावायला! रडू आलं मला. खोटं कशाला बोलू, घरी येऊन ताटावर बसलो आणि रडलो. बायको, शोभा, म्हणाली, "तिखट झालंय का?"

त्या वर्षी नोव्हेंबरात तापीच्या राजघाटावर राष्ट्रीय एकता सप्ताह होता. गीतस्पर्धा. आदल्या वर्षी या एकतेपायी खुर्च्या फेकल्या होत्या लोकांनी! मराठी गाणं झालं तर हिंदीवाले रुसले, हिंदी झालं तर उर्दूवाले, उर्दू झालं तर गुजराती शेठ उठून गेले आणि जाताना पंखा घेऊन गेले, कारण पंखा त्यांचा होता. म्हणून या वर्षी नियम. गीत असं हवं की "किसी को आपत्ति न हो". मी म्हटलं, नंदकुमार, हीच वेळ! असं मराठी गाणं लिहू की ऐकून मराठी आईबापांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी पोराचा हात धरून शाळेच्या दारात उभे राहिले पाहिजेत. आठ संध्याकाळी बसलो घाटावर. डास चावले. पण लिहिलं!

तापीमाय, तुझ्या काठी
लेकरं बोलती मराठी,
केळफुलाच्या ओटीसाठी
शब्द आणले बांधून गाठी...

आहे की नाही? बघा, आत्ता कळलं तुम्हाला! मी नुसतं म्हटलं तर कळलं! हेच ते गाणं! दहा मिनिटं तुम्ही हेच ऐकत होतात!

आता गाणार कोण? माझी सात पोरं. बसवलं, घोटून घेतलं, आणि स्पर्धेला दोन दिवस उरले असताना पाच जणांना गोवर निघाला. उरले दोन. त्यातला एक तोच, झोपणारा. नाव तर दिलेलं. डोकं धरून ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात समोरून आवाज आला, "गुरुजी, आम्ही म्हनू का?"

हा भिकन. शाहपुरचा. माझाच जुना विद्यार्थी. त्याच्या बापाची केळी, या टोकाला विहिरीवर मोटारीपाशी बाप आणि त्या टोकाला हा, आणि मधे एवढं दाट रान की आवाज पानांतच मुरतो. लहानपणापासून याचं काम काय, तर "बाऽऽऽ, मोटार बंद कर ओऽऽऽ!" तो गळा तिथे घडला. शाळेत प्रार्थनेला मी याला फाटकाबाहेर उभा करायचो, तरी आत सगळ्यात मोठा आवाज याचाच.

आणि 'आम्ही' म्हणजे कोण, तर यादव आणि उखर्डू. यादवचं आमच्या सिंधीपुऱ्यात, माझ्या घरासमोर, रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एकदा दुरुस्तीच्या रेडिओवर कुठलं तरी परदेशी स्टेशन लागलं, आणि आवाज काय, खर्रर्र... घ्यांऽऽऽव! यादव म्हणाला, स्पीकर फाटला. बदलला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत तेच. कंडेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी अख्खा सेट उलटा करून झटकला! चौथ्या दिवशी गाणं संपलं आणि एक बाई इंग्रजीत गोड आवाजात म्हणाली की आपण आत्ता ऐकलंत ते हार्ड रॉक. म्हणजे बिघाड नव्हताच! गाणंच तसं होतं! शहाण्या माणसाने काय करावं? रेडिओ गिऱ्हाइकाला परत द्यावा, हात जोडावेत. याने जेवायच्या पाटाची गिटार केली! तारा बांधल्या, हेडफोनची चुंबकं चिकटवली, आणि जोडली कुठे, तर लग्नातल्या भोंग्याला. ड्रमवर उखर्डू, पॉवरलूमवरचा. दिवसभर माग खटाखट, संध्याकाळी हा धडाधड. आमच्या गावात मागांमुळे हळू बोलायची सवयच नाही कोणाला, कोणी हळू बोललं तर विचारतात, ताप आहे का?

भिकनची आई सोजरबाई शाहपुरहून धावत आली माझ्याकडे. पदर डोळ्याला. "मास्तर, माह्या भिकनले हाडरोग झाला म्हंतात. खरं हाये का?"

म्हटलं, अहो मावशी, हाडरोग नाही, हार्ड रॉक!

"तेच तं म्हंते मी, हाडरोग! तरीच रोज आरडते पोरगं. दुखत असीन ना त्याले! मले काहून नाही सांगतलं?"

कसं समजावणार? हाड नाही म्हणावं, तर रोग राहतो. डिंकाचे लाडू ठेवून गेली डबाभर. भिकनने खाल्ले, आणि आवाज आणखी वाढला!

तर मी या तिघांना गाणं दिलं. दुसरा इलाजच नव्हता. पण अट घातली, भिकन, चाल काय वाट्टेल ती लाव, शब्द सुटा आला पाहिजे. ळ म्हणजे ळ! "गुरुजी, येकेक शब्द मोती!" असं म्हणाला. पाया पडला माझ्या. आणि मी विश्वास ठेवला!

राजघाटावर गर्दी. तापीचं पाणी शांत. पुढे खंडव्याचे साहेब. आधी चार गाणी झाली, चारही वेळा कोणी ना कोणी रुसलं. मग हे तिघं. यादवने तार छेडली... खर्रर्र! माईकवाला धावत आला, त्याला वाटलं शॉर्ट झालं! उखर्डूने टोला हाणला, घाटावरची कबुतरं जी उडाली ती पार पलीकडच्या काठाला. आणि भिकनने तोंड उघडलं. "त्याऽऽप्प्याऽऽम्म्याऽऽऽयऽऽऽऽ!" मी पहिल्या रांगेत. कानाला हात लावून एकेक अक्षर वेचतोय. काठी गेली, मराठी गेली, केळफूल आलं कधी गेलं कधी... एकदाच, फक्त एकदाच स्पष्ट 'माय' ऐकू आलं. माझं ऊर भरून आलं. नंतर कळलं, ते उखर्डू ओरडला होता, त्याच्या पायावर स्टँड पडला. आणि शब्द माझे होते हो, माझे!

गाणं संपलं. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता खुर्च्या. आणि टाळ्या! अहो, उभं राहून टाळ्या! कारण कोणाला आपत्तीच नाही! टोपीवाले बडे मियाँ आले, माझे दोन्ही हात धरले, "मास्साब, क्या उर्दू है! तौबा-ए-मय! शराब से तौबा पर ऐसा कलाम बरसों में नहीं सुना।" तापीमाय, तर तौबा-ए-मय! ते सोडवतोय तोवर पंखेवाले शेठ, "वाह मास्तर, आपणी तापी मा ऊपर गुजराती गीत!" त्यांना निदान नदी तरी कळली. कॉलेजचे इंग्रजीचे प्रोफेसर म्हणाले, "ब्रेव्ह! टॉप ऑफ माय कंट्री! फार देशभक्तिपर." आणि साहेब तर माईकवरच, "ऐसी शुद्ध हिंदी में एकता का गीत..." पहिलं बक्षीस! मला वर बोलावलं, हार घातला. मी माईक हातात घेऊन सांगणार, की साहेब, हे मराठी... तर यादवने भोंग्याची वायर काढून घेतलेली!

घरी आलो. शोभाला विचारलं, तू तर मराठी आहेस, लग्नाची बायको आहेस, तुला काय ऐकू आलं? म्हणाली, "'तापलाय तवा, टाक भाकरी', असंच होतं ना? छान लिहिलंय हो. घरातलं."

पण तेही सोसलं असतं मी. दुसऱ्या दिवशी गावातली मराठी मंडळी माझ्या घरी, पुढे अनंतराव, हातात निवेदन. काय? तर म्हणे एकता सप्ताहात मराठीला डावललं! उर्दूला जागा, गुजरातीला जागा, इंग्रजीलासुद्धा जागा, आणि मराठीचा एक शब्द नाही! "गुरुजी, तुमची पहिली सही हवी." अहो अनंतराव, ते गाणं मराठी होतं! अनंतराव हसले. माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "गुरुजी, तुमचं मन मोठं आहे." काय करणार? केली सही. स्वतःच्या गाण्याविरुद्ध स्वतःच्या हाताने, मोत्यासारख्या अक्षरात!

आणि मग सुटले की हो ते! लग्नात हेच. उरुसात हेच. शाहपुरच्या बाजारात केळीच्या ट्रकवर उभे राहून हेच. खंडव्याला बोलावलं, पार तापी उगवते त्या मुलताईकडचं आमंत्रण आलं. घोडे बुजले, दोन वऱ्हाडं चुकीच्या मांडवात शिरली, एका नवरीच्या आजीला तीस वर्षांनी ऐकू यायला लागलं म्हणे, खरंखोटं तापीमाय जाणे! जिथे जातील तिथे लोक म्हणणार, आपल्या भाषेतलं आहे! आणि मी? मी मागे मागे. दर वेळी कागदावर गाणं छापून नेलं, वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून खाल्ली. शब्द माझे, आणि तेल पण त्यांनाच लागलं!

मे संपला. रजिस्टर उघडलं. सात. त्यातले दोनच पास होऊन दुसरीत गेले, म्हणजे पाच. रात्र रात्र झोप नाही हो मला. बाराखडीचा तक्ता पुसून ठेवला, तो न्यायचा कुठे याचा विचार करत बसलो. कोणाला सांगायचं? गाणं गावभर वाजतंय आणि वर्ग रिकामा!

आणि जूनच्या पहिल्या सोमवारी फाटकावर रांग! मला वाटलं, रॉकेल आलं. तर नाही, आईबाप! टोपीवाल्यांचा नातू, शेठची नात, लूमवाल्यांची चार, भाजीवाल्या भागाबाईची जुळी नातवंडं. भागाबाई म्हणाली, "मास्तर, भिकन याच शाळेत आरडाले शिकला ना? मंग आमच्याईले बी शिकवा." आरडायला! बावीस वर्षं ळ घोटला, आणि गावाला काय कळलं, तर इथे ओरडायला शिकवतात! पण जुने पाच धरून मोजले. एकोणीस. एकोणीस हो! कोणाला काय वाटायचं ते वाटो, मी वर्गात जाऊन दार लावलं आणि परत रडलो. या वेळी तिखट नव्हतं.

जुलैत साहेब आले. वर्ग भरलेला. खूश! "मास्साब, बच्चों से कुछ मराठी सुनवाइए।" मी घाबरलो. धडा वाचायला सांगणार, तेवढ्यात जुळ्यांतली थोरली उठली आणि म्हणाली, "गानं म्हनू?" आणि नुसतं म्हणाली नाही, सुरूच! एकोणीस तोंडं एकदम, "त्याऽऽप्प्याऽऽम्म्याऽऽऽय!" बाकं वाजवली, पाट्या वाजवल्या. साहेब डोळे मिटून डोलतायत! मला राहवेना. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. पुढे झालो, हात वर केला, सगळे थांबले. आणि मी गायलो. एकेक शब्द सुटा. काठी. मराठी. केळफुलाचा ळ तर असा म्हटला की जीभ टाळूला चिकटून राहिली! माझं गाणं, माझ्या वर्गात, माझ्या तोंडून, पहिल्यांदा, अख्खं!

ती थोरली माझ्याकडे बघतेय. मग हळूच म्हणाली, "गुरुजी... तुमाले येत नाही."

साहेबांनी मान डोलवली. डायरी काढली. शेरा लिहिला, सही केली, माझ्या हातात दिला. वर्ग वाचला, आदेश निघाला, एकीकरण रद्द. तो शेरा आमच्या मुख्याध्यापकांनी चौकट करून भिंतीवर लावलाय, येताजाता वाचतो मी: "बच्चों का मराठी उच्चारण उत्तम। शिक्षक को अभ्यास की आवश्यकता है।"

...तेव्हा आता मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की गाण्याच्या शिकवणीला जातो. भिकन शिकवतो. कडक आहे हो फार, परवा मला फाटकाबाहेर उभं केलं.